घशातलं पांढरं

उन्नतीचं टॉन्सिलचं ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत करून टाकायचं, हे सुरुचीने ठरवलं. दीपेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ते पटवायला तिला वर्ष लागलं. पोरांचे घसे धरतातच, मोठी झाली की आपोआप थांबतं, असं तो म्हणायचा. पण सहा वर्षांच्या उन्नतीशेजारी रोज झोपायची ती सुरुची. झोपेत पोरीचा श्वास कसा अडतो, छाती कशी आत ओढली जाते, हे तिने बघितलेलं होतं. शेवटी तीच उन्नतीला घेऊन वसई पश्चिमेला डॉक्टर ॲनिशांकडे गेली, सगळ्या तपासण्या करून आली, तारीख घेऊन आली आणि मग दीपेशला सांगितलं.

दीपेश म्हणाला, "रचनाला कळवायला हवं."

"कळव ना," सुरुची म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

रचना ही उन्नतीची जन्मदाती आई, दीपेशची पहिली बायको. उन्नती दीड-दोन वर्षांची असताना रचना खचली. दिवसचे दिवस अंथरुणातून उठत नसे, पोर रडली तरी भिंतीकडे बघत पडून राहायची. माहेरी चिपळूणला गेली ती बरी होण्यासाठी म्हणून. बरी झाली, पण परत आली नाही. भांडणतंटा न होता घटस्फोट झाला आणि उन्नती वडिलांकडे राहिली. आता रचना चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करत होती. दोन-तीन महिन्यांनी यायची, नालासोपाऱ्याला मावशीकडे उतरायची आणि लेकीला भेटून जायची.

उन्नती तिला मम्मी म्हणायची आणि सुरुचीला आई. सुरुची लग्न होऊन आली त्याच आठवड्यात दीपेशच्या आईने, कमळीबाईंनी, नातीला जवळ घेऊन ही विभागणी करून दिली होती. पोरीला त्यात काही अवघड वाटलं नाही. अवघड वाटायचं ते सुरुचीलाच, आणि तेही रचना येऊन गेली की. गेल्यावर दोन दिवस उन्नतीच्या बोलण्यात मम्मीच असायची. मम्मीने असं केलं, मम्मीला असं येतं. सुरुची पोळ्या लाटत हूं हूं करायची. दोन दिवसांनी ते ओसरायचं. एवढं तर कुणीही सहन करील, असं ती स्वतःला सांगायची.

ऑपरेशनच्या दिवशी रचना सकाळीच हॉस्पिटलमध्ये हजर होती. सोबत हापूसची पेटी आणली होती. आत्ता हिला आंबा कुठून चालायचा, असं सुरुचीच्या ओठांवर आलं. पेटी दीपेशने गाडीत ठेवली. तिघं बाकावर ओळीने बसली, मध्ये दीपेश. तो गोखिवऱ्याला प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मशिनं बिघडली तर रात्रभर डोकं शांत ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला एका जागी बसवत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. थोड्या वेळाने नर्स दारात आली आणि म्हणाली की मुलगी शुद्धीवर येतेय, रडतेय, आईने एकटीने आत यावं.

दोघी उठल्या.

नर्सने एकीकडून दुसरीकडे बघितलं. दीपेश खाली बघत होता. तेवढ्यात आतून उन्नतीचा आवाज आला. चिरका, ओला, ओळखूच न येणारा. पण शब्द स्पष्ट होता. "मम्मी."

रचना आत गेली. सुरुची खाली बसली. गुंगीत आहे पोर, तिला काय कळतंय, असं तिने मनात म्हटलं. मग वाटलं, गुंगीत माणूस खोटं थोडंच बोलतं.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. रचना उन्नतीला उचलून खाली गाडीकडे गेली होती, दीपेश औषधं आणायला. डॉक्टर ॲनिशांनी सुरुचीला थांबवून सगळं समजावलं. बोलून बोलून सवय झालेल्या, तरी मन लावून सांगणाऱ्या बाई होत्या त्या. म्हणाल्या, घशात दोन्हीकडे पांढरं दिसेल, ते बघून घाबरू नका, ती खपलीच आहे, पू नाही. तोंडाला वास येईल. सुरुवातीला बरं वाटेल आणि मग आठवड्याच्या मध्यावर दुखणं पुन्हा उसळेल, कानसुद्धा दुखतील, तेव्हा कंटाळून पाणी बंद करू देऊ नका. घसा कोरडा पडला तर खपली तडकते. थंड हवं तेवढं द्या. लाल रक्त दिसलं तर मात्र आहात तसे निघून या.

सुरुचीने सगळं लक्षात ठेवलं. घरी आल्यावर दीपेशला मोघम सांगितलं. रचनाला सांगायचं राहिलं. त्या वेळी खरंच राहिलं.

रचनाने मावशीकडून दिवसा येऊन-जाऊन राहायचं, असं आधी ठरलं होतं. पण घरी आल्यावर उन्नती तिचा हात सोडीना. कमळीबाई नायगावहून, खाडीकाठच्या गावातल्या घरून, नातीला बघायला आल्या होत्या. त्या नुसत्या सुनेकडे बघत राहिल्या. दीपेशही बघत राहिला. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर सुरुचीच म्हणाली, "तुम्ही इथेच राहा ना. मावशींकडे कशाला धावपळ?" रचनाचे डोळे भरून आले. सुरुचीला आपली जीभ चावावीशी वाटली.

मुलीच्या खोलीत रचनाची गादी पडली. सुरुचीची जागा तिथली होती. ती गेले कित्येक महिने त्या पोरीच्या श्वासासाठी तिथे झोपत होती. आता ती दीपेशशेजारी पलंगावर पडून छताकडे बघायची.

उन्नतीला बोलायला त्रास होत होता म्हणून सुरुचीने तिला सायकलची जुनी घंटी दिली. काही लागलं की वाजव. ही कल्पना तिच्याच अंगलट आली. घंटी वाजली की दोघी दोन दिशांनी निघायच्या, आणि आपण चालत नसून धावतोय हे सुरुचीच्या उशिरा लक्षात यायचं. स्वयंपाकघरातून खोलीत पोचायला वळण होतं. रचना तर दाराशीच असायची, नाहीतर उशाशी बसलेली. प्रत्येक वेळी तीच आधी. सुरुची दारात ओला हात पुसत उभी राहायची आणि विचारायची, "काय हवंय गं?" उन्नती रचनाच्या कानाला तोंड लावून कुजबुजायची, आणि रचना सांगायची, "उशी उंच हवीय म्हणते." आपल्याच घरात, आपल्याच पोरीचं म्हणणं तिसऱ्या माणसाकडून ऐकावं, तसं.

सुरुचीने मऊ भात केला, गाळून पेज केली, थंड करून मीठ-साखर बरोबर बघून दिली. उन्नतीने दोन चमचे घेतले आणि ओठ मिटले. दूध नको. दह्याचं नुसतं नाव काढलं तर डोळ्यांत पाणी. मग रचनाने शहाळ्याचं पाणी बर्फाच्या साच्यात ओतलं, छोटे छोटे खडे केले आणि पोरीला सांगितलं की हे समुद्राचे दात आहेत, एकेक चोखला की तो घशाला चावायचा बंद होतो. उन्नती हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं, आणि चोखू लागली. दिवसभर तेच. वाटी संपली की घंटी.

दीपेश संध्याकाळी आला तेव्हा म्हणाला, "बरं सुचलं गं तुला." तो हे रचनाला म्हणाला. सुरुची भांडी घासत होती. तिने नळ मोठा सोडला.

तिला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. पोर पितेय ना, मग झालं की. पण तसं होत नव्हतं. उन्नतीच्या केसांत रचनाने लावलेली क्लिप दिसली की तिला ती काढून टाकावीशी वाटायची. पोरीच्या पांघरुणाला रचनाच्या तेलाचा वास येत होता; सुरुचीने ते दोनदा धुवायला टाकलं. दुखण्याचं औषध वेळेवर द्यायचं काम तिच्याकडे होतं, म्हणजे कडू तेवढं तिच्या हातून आणि गोड तेवढं रचनाच्या. औषधाची पिचकारी घेऊन ती खोलीत गेली की उन्नती रचनाच्या पदराआड तोंड लपवायची. एकदा कमळीबाईंनी फोनवर विचारलं, "पोर पानी पिते का?" सुरुची म्हणाली, "पिते. तिच्या मम्मीच्या हातून पिते." पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "कोनाच्या का हातानं, पिते ना?" त्यावर सुरुचीने नळाला पाणी आल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी रचनाने तिला हाक मारली. आवाज बदललेला होता. उन्नती जांभई देत असताना तिला आत काहीतरी दिसलं होतं आणि तिने मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं होतं. ती सुरुचीला बाहेरच्या खोलीत घेऊन आली.

"घशात दोन्हीकडे पांढरं झालंय. जाड. आणि वास येतोय तोंडाला. पू झालाय का हो? डॉक्टर बोलल्या होत्या का असं काही?"

सांगायला चार शब्द पुरले असते. सुरुचीने ते तोंडात जुळवलेही. पण समोर रचनाचा चेहरा होता. गेले इतके दिवस ज्या चेहऱ्यावर सगळं कसं करायचं ते माहीत असल्याचा भाव होता, तो पार उतरला होता. सुरुचीला ते बघून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तहान लागल्यावर पाणी मिळावं तसं. आणखी थोडा वेळ तो चेहरा तसाच राहावा, एवढंच तिला वाटलं.

"माझ्याशी तर काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "सारखं बर्फाचं चोखतेय ना. थंडाने झालं असेल का?"

रचना भिंतीला टेकली. म्हणाली, आपण डॉक्टरांकडे जाऊया का. सुरुची म्हणाली की ताप नाहीये, उद्या सकाळपर्यंत बघू, उगाच पोरीला उन्हात कशाला काढायचं. तेही तिने अगदी समजूतदार आवाजात म्हटलं.

त्या संध्याकाळी रचनाने साच्यातले उरलेले खडे बेसिनमध्ये ओतून टाकले. उन्नतीने घंटी वाजवली तर ती जागची उठली नाही. सुरुचीला म्हणाली, "तुम्हीच द्या तिला. तुम्हाला तिचं कळतं. माझ्या हातून आधीच काय काय झालंय." सुरुचीने वाटीत कोमट पाणी घेतलं आणि खोलीत गेली. जागा मोकळी होती. ती उशाशी बसली.

आता सगळं तिच्याकडे होतं, आणि उन्नती घोटभर काही घेत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेलं दुखणं उसळून आलं होतं. पोर दोन्ही कानांवर हात दाबून पडली होती. समुद्राचे दात कुठे गेले, असं तिने खुणेने विचारलं. सुरुची म्हणाली, संपले. उन्नतीने रचनाकडे बघितलं. रचना दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावरची भीती सहा वर्षांच्या पोरीलाही वाचता येत होती. मम्मी घाबरलीय म्हणजे आपल्याला काहीतरी मोठं झालंय, असं तिने मनाशी पक्कं केलं असावं. तिने ओठ मिटले ते मिटलेच.

सुरुचीने लाडीगोडी लावली, गोष्ट सांगितली, मग दरडावलं. खडे पुन्हा करून द्यावेत असं तिच्या मनात दहादा आलं. पण मग रचना विचारणार, थंड चालतं का मग? एक खोटं बोललं की त्याच्याभोवती किती गोष्टी न करता राहाव्या लागतात, हे तिला कळत होतं. सकाळी बोलू, ती स्वतःशी म्हणाली.

सकाळी उन्नतीचं अंग तापलं होतं. ओठांना पापुद्रे आले होते. दीपेश रात्री उशिरा येऊन पहाटेच कारखान्यात गेला होता. दोन वेळा पाण्याचे घोट कसेबसे तोंडात गेले, ते तिने तोंडाच्या कडेने बाहेर सोडले. दुपारपर्यंत ती शू करायलाही उठली नव्हती. रचना कोपऱ्यात बसून होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि सुरुचीला आठवलं की दीपेशने तिचं आजारपण सांगताना असंच वर्णन केलं होतं. हे मी केलं, सुरुचीच्या मनात आलं. दोघींचंही. आता ती बोलणार होती. त्यासाठी ती उठलीही.

तेवढ्यात उन्नती खोकली आणि तिने हातावर काहीतरी थुंकलं. लाल होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. सुरुचीने पोरीला उचललं, रचनाने सुरुचीच्या पायांत चपला सरकवल्या, रिक्षा मिळाली. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. उन्नती सुरुचीच्या मांडीवर होती, तोंड खाली करून, आणि रचना एका टॉवेलने तिची हनुवटी पुसत होती. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि काही न विचारता गाडी उलट दिशेच्या बाजूने काढली.

रक्त फार नव्हतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत थांबत आलं होतं. डॉक्टर ॲनिशांनी तपासलं, सलाईन लावलं, एक रात्र ठेवून घ्यायचं ठरवलं. म्हणाल्या, पुन्हा शस्त्रक्रियेची गरज नाही, पण पोर कोरडी पडलीय. तोवर दीपेश आणि पाठोपाठ कमळीबाईही येऊन पोचल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "इतकं कसं पाणी तुटलं हिचं? काय झालं?"

रचना म्हणाली, "घशात पांढरं दिसलं. पू वाटला. थंड बंद केलं."

"पण ते पांढरं नॉर्मल असतं. मी सांगून पाठवलं होतं ना घरी जाताना?"

सलाईनच्या बाटलीत थेंब पडत होते. रचनाने मान वळवून सुरुचीकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते सुरुचीला सांगता आलं नसतं. रचनाला सगळं कळलं होतं. बर्फाचं बोलणंही, समजूतदार आवाजही, सगळं.

मग रचना डॉक्टरांकडे वळली. "हो, सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच घाबरले. माझंच चुकलं."

कमळीबाईंनी सुस्कारा सोडला. दीपेशने डोळे मिटून घेतले. त्या सुस्काऱ्यात काय होतं ते सुरुचीला ठाऊक होतं: ही बाई तेव्हाही पोरीला सांभाळू शकली नाही आणि आत्ताही नाही. तो सुस्कारा सुरुचीच्या वाट्याचा होता, आणि तो रचनाने घेतला होता.

जरा वेळाने उन्नतीचा डोळा लागला. सासूबाई तिच्यापाशी बसल्या. रचना चहा आणायला बाहेर पडली, तेव्हा सुरुची तिच्यामागे गेली. जिन्याच्या खिडकीपाशी तिने तिला गाठलं. बाहेर हॉस्पिटलच्या आवारात चाफ्याखाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

"का असं बोललात तुम्ही?" सुरुचीने विचारलं.

रचना खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "मी रविवारी जाणार. त्या घरात तिच्यापाशी तुम्ही राहणार. तुम्ही तिथे खाली मान घालून राहिलात तर ते तिच्यावर येईल. मला ते परवडणारं नाही."

"मी..." सुरुची म्हणाली.

"माफ केलंय असं समजू नका. मी काल रात्रभर स्वतःलाच दोष देत बसले होते. मला परत तसं व्हायला लागलं की काय, अशी भीती वाटली." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. "तुम्हाला माझा राग कशाचा येतो ते मला कळतं. ती माझ्या कुशीत येते म्हणून. अहो, ती पाहुण्याकडे येते तशी येते. पाहुणा जाणार असतो ना. तुमच्याकडून ती औषध घेते, ओरडा खाते, रुसते. मला ती कधी रुसून दाखवत नाही. तेवढा तिचा माझ्यावर भरवसा नाही."

सुरुचीला हे पटलं की नाही, तिला सांगता येत नव्हतं. पाहुण्याचं लाडकं असणंही तिला हवंच होतं. तिला दोन्ही हवं होतं, हेच तर सगळ्याचं मूळ होतं.

रचना चहा घ्यायला निघून गेली. सुरुची तिथेच उभी राहिली. लाज होती. पण त्या लाजेच्या खालीही तिला तोच जुना काटा लागत होता. आता मोठेपणाही तिनेच घेतला. पोरीने तिला हाक मारली, नवऱ्याने तिला शाबासकी दिली, आणि आता माझ्या पापावर पांघरूणही तिनेच घातलं. ते अंगावर घेऊन आपण या घरात जन्मभर फिरायचं? आपण खरं सांगायचं ठरवलं ते कितपत चांगुलपणाने आणि कितपत या हेव्याने, याचा हिशेब सुरुचीला पुढेही लागला नाही. पण ती खोलीत परत गेली आणि दीपेशला, सासूबाईंच्या समोरच, सांगून टाकलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, रचनाने काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं. काही न वगळता.

दीपेश तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. "पण का?" एवढंच त्याने विचारलं.

"मला तिचं बघवत नव्हतं," सुरुची म्हणाली.

तो उठून बाहेर गेला. पुढचे दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला, आणि त्यानंतरही पूर्ववत व्हायला त्याला बरेच दिवस लागले. कमळीबाई नातीच्या पायावरून हात फिरवत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "माज्या थोरल्या जावेनं माज्या पोराचं दूध नासवलं होतं एकदा. लिंबू पिळून. तिला पोर नव्हतं." एवढं बोलून त्यांनी नातीचं पांघरूण सारखं केलं. ते समजून घेणं होतं की सुनावणं, हे सुरुचीने विचारलं नाही.

रचना चहा घेऊन आली तेव्हा तिला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. तिने कप सुरुचीच्या हातात दिला आणि म्हणाली, "कशाला बोललात?" पण म्हणताना तिचे खांदे सैल झाले होते.

उन्नती जागी झाली तेव्हा सुरुचीने तिच्या उशाशी वाकून सांगितलं की घशातलं पांढरं म्हणजे खपली आहे, गुडघ्याला येते तशी, आणि ती थंड पाण्यानेच सुटते. मम्मीला आणि मला दोघींना चुकीचं वाटलं होतं. उन्नतीने रचनाकडे बघितलं. रचनाने मान हलवली. मग उन्नती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मग दात आणा." दीपेश जाऊन कुठूनतरी बर्फ घेऊन आला. नुसत्या पाण्याचा. तो तिला चालला.

घरी आल्यावर पुढचे दिवस सरळ गेले. शहाळ्याचे खडे आता सुरुची करायची आणि रचना भरवायची, कधी उलट. पिचकारी रचनाने मागून घेतली आणि दोन वेळचं कडू औषध तिने दिलं. उन्नतीने तिच्यावर डोळे वटारले. रचना बाहेर येऊन सुरुचीला म्हणाली, "रुसली माझ्यावर," आणि तिला हसू आवरेना. सुरुची हसली नाही. तिला पुन्हा ते टोचलं, पण आता निदान काय टोचतंय ते तिला ठाऊक होतं.

रविवारी कोकणात जाणारी गाडी वसई रोडवर थांबते, त्या गाडीने रचना निघाली. तिला सोडायला सुरुची गेली. दीपेश उन्नतीपाशी थांबला. फलाटावर सुट्टीला गावी निघालेल्यांची ट्रंका-पिशव्यांसकट गर्दी होती. रचना एकामागून एक सूचना सांगत होती. तिला तिखट इतक्यात नको, पोहायला न्यायचं नाही, डाव्या पायाच्या करंगळीचं नख आत वाढतं.

"माहीत आहे मला," सुरुची तोडून म्हणाली. मग म्हणाली, "उजव्या पायाच्या."

"उजव्या का?" रचनाने विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तेच होतं ते. सुरुचीने ते ओळखलं, कारण ती ते रोज आरशात बघत होती. गाडी आली. रचनाने पिशवी खांद्याला लावली आणि मागे न बघता चढली.

सुरुची घरी आली तर उन्नती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मम्मी गेली का, असं तिने विचारलं, आणि हो म्हटल्यावर रडायला लागली. खाल्लं नाही. हात लावला तर झटकला. दीपेश हताश होऊन दारात उभा होता. सुरुची बराच वेळ पलंगाच्या कडेला बसली. आंब्यांचा वास घरभर सुटला होता. दोन दिवस थांबलं की हे ओसरतं, हे तिला अनुभवाने माहीत होतं. दोन दिवस नुसतं बसून राहिलं की पोर आपलीच.

तिने मोबाईल काढला आणि रचनाला व्हिडिओ कॉल लावला. गाडी अजून पनवेललासुद्धा पोचली नसेल. रचनाचा चेहरा दिसला, मागे खिडकी, केस उडत होते. सुरुचीने फोन उन्नतीच्या हातात दिला आणि दीपेशला खुणेने बाहेर बोलावलं. दार लोटून घेतलं.

स्वयंपाकघरात येऊन तिने मुगाची डाळ आणि तांदूळ धुतले. आतून आधी हुंदके आले, मग कुजबुज, मग उन्नतीचं हसणं. नवीन, मोकळं, नाकात न अडणारं. ते आपल्यामुळे नव्हतं, हे सुरुचीला लागलंच. तिने पाणी थोडं जास्त घातलं, खिचडी मऊ व्हायला हवी होती, आणि कुकरचं झाकण लावलं.